बांगडीची निशाणी

रुचिताच्या जातपडताळणीला
सदुसष्ट सालाआधीचा कागद हवा.
शाळेचं रजिस्टर वाळवीनं नेलं,
जन्ममृत्यूच्या वहीत आमचं घर नाही,
भाऊ जहाजावर, रजा नोव्हेंबरात.
कोणीतरी म्हणालं, कोर्टात बघा,
कर्ज बुडवलं असेल
तर तिथे नक्की सापडाल.

देवगडची रेकॉर्ड रूम.
लाल फडक्यातलं बासन उतरवताना
शिपाई दोनदा शिंकला.
मोडी वाचायला पेडणेकर मास्तर, पानाला दोनशे,
चहा वेगळा.

दिवाणी दावा, सन १८८७.
वादी पांडशेट तायशेटे.
प्रतिवादी लाडू बिन धाकू कोयंडे,
जात गाबीत, राहणार विजयदुर्ग.
रुपये पंच्याऐंशी, आणे सहा,
शीड, डोलकाठी व डांबर यांकरिता.
तारण: पाडाव एक.

जात गाबीत.
मास्तरांनी भिंग खाली ठेवलं.
'तुमचं काम झालं.'

झालं होतं.
म्हटलं, अजून एक पान वाचा.

समन्स परत. इसम मिळून आला नाही, दारास डकवले.
त्याच्या जागी उभी राहिली
आवडी कोम लाडू, उमर अदमासे वीस:
'माझा भ्रतार पाच वर्षांमागे तुफानांत
पाडावासह बुडून मयत झाला.'

भ्रतार हा कारकुनाचा शब्द.
ती घोव म्हणाली असणार.
कशी म्हणाली, कोणाकडे बघून म्हणाली,
ते बोरूला घेता आलं नाही.

आमच्याकडे म्हाळाला अजून
एक पान लाडूचं मांडतात,
किनाऱ्यावर, भरती पोचेल इतक्या अंतरावर.

वादीचा साक्षीदार हसन वलद इभराम, दालदी:
'कारवारच्या बंदरात त्यास
काथ्याचा दोर वळताना पाहिले.'
उलटतपासात:
'तोंड पाहिले नाही. पाठ पाहिली.'

जप्तीची यादी.
तांब्याची घागर एक, काठ चेपलेली.
विळी एक. जाळे एक, जीर्ण.
कोंबड्या तीन, पैकी एक पळाली.
पाडाव: मिळून आला नाही.

खाली आवडीची निशाणी.
एक गोल.
'बांगडी,' मास्तर म्हणाले.
'बाईची निशाणी बांगडीच. सधवा की विधवा,
कारकून विचारत नसे.'
गोलात एका जागी शाई दाट आहे,
तिथे हात थांबला असावा.

बासनाच्या तळाशी दरखास्त, सन १८९१.
प्रतिवादी नंबर दोन:
शिवराम बिन लाडू, अज्ञान, वय वर्षे तीन,
पालनकर्ती आई आवडी.

शिवराम म्हणजे आमचा पणजा.
त्याच्यावाचून मी नाही, रुचिता नाही.

मास्तर बोटांवर मोजू लागले
आणि अनामिकेवर थांबले. चष्मा पुसला.
'वयं चुकायची हो तेव्हा. अंदाजपंचे लिहायचे.'

अज्ञान. कोर्टात मुलाला म्हणायचा शब्द.
त्या खोलीत तेव्हा आम्ही दोघंही.

रात्रीच्या भरतीला कोण आलं होतं,
कारवारची ती पाठ, की दुसरंच कोणी?
तायशेट्यांच्या वकिलाला हिशेब सुचला नसेल?
की सुचला, आणि त्यानं
टोपी नीट करत कागद मिटला?
आवडीला तेवढं सोडून
सगळं विचारलं आहे.

दोन पानांची झेरॉक्स घेतली.
एक फाइलला लावली.
एक पर्समध्ये, रेशनकार्डाच्या मागे.

तहसीलसमोर टपरीत प्रतिज्ञापत्र टाइप केलं.
'वंशावळ शपथेवर,' टायपिस्ट म्हणाली. 'मूळ पुरुष?'
लाडू धाकू कोयंडे.
'त्याचा मुलगा?'
शिवराम.
'लाडू मयत कधी?'
अठराशे ब्याऐंशी. समुद्रात.
'आणि शिवरामचं जन्मसाल?'
ते माहीत नाही, लिहा.
तिनं तसं लिहिलं. मी सही केली,
खरं असल्याबद्दल.

स्टॅम्प विकणारा तायशेटे.
तेच असतील, नसतीलही, मी विचारलं नाही.
वीस रुपये कमी पडले.
'राहू दे वो ताई,' तो म्हणाला,
'लिहून ठेवतंय.'